खोड नसलेला तांबडा

बोरवाडीत आक्काबाईनं एकदा एखाद्या कोंबड्याला खोड आहे म्हटलं की खुद्द ब्रह्मदेव खाली उतरला तरी तो कोंबडा म्हसोबाच्या पारावर चढत नसे. ही रीत कधी पडली, कुणी पाडली, काही ठावं नाही. मार्गशीर्षात जत्रा भरायची, नवसाचे कोंबडे बगलेत मारून माणसं यायची, आणि बन्सी भगतानं हात लावायच्या आधी प्रत्येक कोंबडा आक्काबाईच्या मांडीवर यायचा. देवाला द्यायचं ते अव्यंग द्यायचं. तुरा सरळ, बोटं शाबूत, अंगावर परकं पीस नाही. आक्काबाई तुऱ्यापासून नखापर्यंत हात फिरवायची आणि तोंडावर सांगून टाकायची. एका साली पाटलांचा कोंबडा तिनं परत धाडला. "पाटील, तिसरं बोट वाकडं हाय, जल्माचं. देवाला दिसतंय, तुमाला दिसंना व्हय?" पाटलांनी मुकाट्यानं दुसरा आणला. शेजारच्या भीमाबाईचा तर तिनं लागोपाठ दोन जत्रांना नाकारला. तेव्हापासून भीमाबाई तिच्याशी बोलायची, पण बोलताना दुसरीकडं बघायची.

तिची सून चांगुणा हे सगळं बघत आलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलेलं, म्हातारीचं एवढं काय कौतुक? कोंबडीच तर आहे, काही हत्ती नव्हे. मग एक दिवस सासूनं तिला कोंबड्यांच्या जाळीत नेलं आणि म्हणाली, "ह्यातली चांगली कोंबडी काढ बघू."

आता आक्काबाईच्या जाळीतल्या कोंबड्या म्हणजे गावात उकिरडे उकरत फिरणाऱ्या गावठी नव्हत्या. श्रीरामपूरला मिशनच्या बंगल्यावर तिचा भाऊ माळीकाम करायचा. तिथल्या साहेबाकडं विलायती तांबड्या कोंबड्या होत्या. भावानं एकदा मडक्यात बाजरी भरून, बाजरीत अंडी पुरून, मडकं मांडीवर घेऊन एसटीतून आणलं. आक्काबाईनं ती अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवली, आणि त्या बिचारीनं ही परकी लाल पोरं आपलीच म्हणून वाढवली. ऱ्होड आयलंड असं त्या जातीचं नाव. बोरवाडीच्या जिभेला ते काही झेपलं नाही, म्हणून बंगल्याच्या तांबड्या. अंगानं भरलेल्या, रंग पिकल्या चिंचोक्यासारखा, आणि अंडी अशी की गावठी कोंबडीनं बघून लाजावं.

तर त्या दिवशी चांगुणानं सगळ्यांत देखणी कोंबडी धरून आणली. पिसं तुकतुकीत, पाय पिवळेधमक, चाल महाराणीची. आक्काबाई हसली. "पाय बघ तिचं. हळदीचं हायेत जसं काय. अंडी घालनाऱ्या बाईच्या पायाचा पिवळा रंग अंड्यांत जातो, पाय पांढुरकं पडत्यात. ही नुसती खाऊन बसलीया." मग तिनं कोपऱ्यातली एक फाटकी कोंबडी उचलली. पिसं झिजलेली, शेपटी मोडकी, पाय फिके. तिच्या मागच्या दोन हाडांच्या मधे सुनेची बोटं नेऊन ठेवली. तीन बोटं सहज मावली. महाराणीला एक बोटही जड गेलं. "हिनं सालभर घर चालवलं," आक्काबाई म्हणाली. "दिसायला न्हाई जमलं तिला. सवड कुटं हुती?"

चांगुणाच्या मनात तेव्हा काहीतरी हललं. ती स्वतः दिसायला बेतास बात होती, आणि या घरात आल्यापासून तिला सवड नव्हती. त्या दिवसापासून ती सासूची शागीर्द झाली ती झालीच. नवरा गोरक्ष साखर कारखान्यावर. हंगाम लागला की तो राहुरीलाच राहायचा. घरात या दोघी, आणि जाळीत तांबड्या.

गावाचं पूर्वीपासून एक चुकत आलेलं होतं, आणि ते एकट्या आक्काबाईला दिसायचं. सगळ्यात भारी कोंबडा असेल तो देवाला. त्याच्या खालचा जावयाला. त्याच्या खालचा, शहरातून कुणी साहेब आला तर साहेबाला. उरला मरतुकडा, काणा, पाय ओढणारा, तो राहायचा उकिरड्यावर, आणि गावभरच्या कोंबड्यांना पिल्लं व्हायची ती त्याचीच. मग बायका कपाळाला हात लावायच्या, की औंदा पिल्लं कशी किरकोळच निघाली बाई, दृष्ट लागली. दृष्ट कसली डोंबलाची! आक्काबाई म्हणायची, "ज्वारीची ठोसर कनसं बियाला आदी काढून ठेवता ना? का पयली भारी कनसं भाजून खाता, आन् काणी पेरता?" तिच्या घरचा नियम एकच, आधी वाणाचं, मग मानाचं. दिवाळी झाली की ती कळप निवडायची. वाणाचा, म्हणजे पिल्लांसाठी राखायचा, कोंबडा आधी बाजूला, मग देव, मग जावई, मग बाजार. आणि वाणाचा नर तिनं कधी कुणाला दिला नाही, विकला नाही. गावठी कोंबडी जाळीजवळ आली तरी खडा मारायची. पंचक्रोशीत ही जात आपल्याकडंच शुद्ध आहे याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नव्हती.

बहात्तरचा दुष्काळ आला. माणसं खडी फोडायला गेली, रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. तांबड्यांनीही मिलोच खाल्ली. आक्काबाई आपल्या ताटातली मूठ बाजूला काढायची, चांगुणा आपल्यातली, आणि दोघी एकमेकींना न सांगता जाळीत टाकायच्या. कळप तगला. आणि दुष्काळातून जगलेलं ते त्र्याहत्तरच्या वैशाखात मानमोडीनं धरलं.

मानमोडी ज्यानं बघितली नाही त्यानं बघू नये. सकाळी बरी असलेली कोंबडी दुपारी मान पिळून आभाळाकडं बघत बसते, संध्याकाळी आडवी. गोरक्ष लस आणायला राहुरीला गेला, पण तो परतेपर्यंत गावातली खुराडी रिकामी व्हायला लागली होती. आक्काबाईनं एक खुडूक कोंबडी अंड्यांसकट डालग्याखाली घालून लांब मळ्यात नेऊन ठेवली. मग गावात आली, भर उन्हात म्हसोबाच्या पारापुढं उभी राहिली, आणि चारचौघांच्या देखत बोलली, "देवा, माज्या तांबड्या निर्वंश करू नको. येत्या जत्रेला ह्यांच्यातलाच नर दीन, खोड नसलेला. तुजा तू पारखून घे."

तांबड्या निर्वंश झाल्या नाहीत. पण देवानं सौदा असा केला की वाण्यानं तोंडात बोट घालावं. वयाचे सगळे नर मेले. कोंबड्या राहिल्या मूठभर. आणि मळ्यातल्या डालग्याखाली जी पिल्लं निघाली त्यांच्यात नर तीन.

दिवाळी झाली. निवडीचा दिवस आला. आक्काबाईनं अंगणात घोंगडं टाकलं, चांगुणानं एकेक तरणा नर आणून तिच्या मांडीवर दिला. पहिला मोठा, रुबाबदार, छाती काढून उभा राहणारा. आक्काबाईनं तुऱ्यावर अंगठा फिरवला आणि थांबली. तुऱ्याला मागच्या बाजूनं एक बारीक फाटा फुटलेला. "ठेव खाली." दुसऱ्याचा तुरा बरोबर, रंग बरोबर, पण पंखाखाली बोट घातलं तर पिसांच्या मुळाशी लोकर पांढरी. वरून काही दिसत नव्हतं. "ठेव." तिसरा अंगानं मध्यम. मांडीवर आल्यावर फडफडला नाही, ओरडला नाही, नुसता मान वळवून तिच्याकडं बघत राहिला. आक्काबाईचा हात तुऱ्यावरून गेला. दाते सारखे, बुंधा जाड. डोळा लाल, स्वच्छ. छातीचं हाड लांब आणि सरळ, पाठ सपाट फळीसारखी, पाय अंतरावर, बोटं पसरलेली. पंख उघडून बघितला, मिटला. शेपटीच्या बुडाशी फुंकर मारून बघितली. पुन्हा तुऱ्याकडं आली. हात फिरवायचा थांबेना. इतकी वर्षं ती कोंबडे निवडत होती, पण चांगुणानं तिच्या डोळ्यांत पाणी पहिल्यांदाच बघितलं.

"ह्यात खोड न्हाई," ती म्हणाली. "लई वर्सांनी बघितला असा."

चांगुणानं बाकीच्या दोघांकडं बघितलं. खोड नसलेला एकच होता. वाणाला तोच हवा आणि देवाला कबूल केलेला तोच.

चांगुणा दिवसभर ते मनात घोळवत राहिली आणि भाकरी वाढताना बोलली. "आत्याबाई, औंदा देवाला नारळ देऊ. फुडल्या जत्रेला ह्याचा पोरगा देऊ."

"देवाशी उधारी करू म्हनतीस?"

"मग ते दोघं ठिवू वाणाला."

"फाट्याचा तुरा पिल्लांत उतरतो. पांढरी लोकर उतरती. तीन सालांत ह्या तांबड्या न्हाई ऱ्हायच्या, नुसत्या लाल रंगाच्या कोंबड्या ऱ्हातील."

"जत्रेच्या आदी ह्याला कोंबड्यांत सोडू की. पिल्लं तरी मिळतील."

"कोंबड्या पिसं टाकून बसल्यात. संक्रांतीबिगार एक अंडं न्हाई द्यायच्या. जत्रा त्याच्या आदीच हाय." आक्काबाईनं ताट सारलं. तिनं हे सगळं आधीच मनात फिरवून बघितलेलं होतं, हे चांगुणाला तेव्हा कळलं. बंगल्यावर परत जावं म्हणावं तर भाऊ वारलेला, साहेब आपल्या देशी परत गेलेला, तिथं आता कोंबड्याच नव्हत्या.

चांगुणा देवाला मानत नव्हती असं नाही. सोमवार धरायची, म्हसोबाला तेल घालायची. पण तिला एक कळेना. ज्या देवाला तांबड्या वाचवायला सांगितलं तोच त्या संपवणार म्हणजे कसला न्याय? आणि दुसरं, जे ती कुणाला बोलली नाही. या घरात तिचं म्हणून काही होतं ते एवढंच. शेत नवऱ्याचं, घर सासूचं, पगार कारखान्याचा. तांबड्यांच्या बाबतीत मात्र सासू तिला विचारायची, "तुला काय वाटतं गं?" एवढी एक गोष्ट होती तिची. ती जायला निघाली होती.

जत्रेच्या दिवशी आक्काबाई तांबडं फुटतानाच पारावर गेली. नवसाची रांग लवकर लागायची. जाताना सांगून गेली, "दिस वर आला की त्याला घिऊन ये. पानी पाजून आन."

चांगुणानं पाणी पाजलं. मग त्याला बगलेत घेऊन चुलीपाशी बसली. विळी शेजारी होती, पण तिनं पेटीतली कातर काढली, चुलीवर धरून तापवली. सासूनंच शिकवलेलं होतं सारं. जन्माची खोड पिल्लांत उतरते. कापलेलं, मोडलेलं, भाजलेलं उतरत नाही. देवाला दोन्ही चालत नाहीत, वाणाला मात्र दुसरं चालतं. आक्काबाईला खोटं बोलावं लागणार नाही. तिनं हात फिरवावा, 'खोड हाय' म्हणावं आणि कोंबडा परत द्यावा. रांगेत एवढी गर्दी असते, कोण विचारतं खोड कुठली?

तिनं बोटांकडं बघितलं, तुऱ्याकडं बघितलं. मग तुऱ्याचा सगळ्यात मागचा दाता धरला आणि कातर मिटली. तांबडा एकदाच ओरडला. तिनं हळद दाबली, वर राख दाबली, रक्त थांबेपर्यंत त्याला छातीशी धरून बसली. नंतर तिला आठवायचं ते असं, की त्याच्यापेक्षा तिचंच काळीज जास्त उडत होतं.

पारावर गर्दी मावत नव्हती. हलगी चालू होती, रेवड्यांची दुकानं लागलेली, दुष्काळानंतरची पहिली जत्रा म्हणून बाहेरगावी गेलेले लोकही परत आलेले. आक्काबाई पाराच्या पायरीवर घोंगडं टाकून बसलेली. शेजारी बन्सी भगत, कपाळभर भंडारा. यंदा कोंबडे थोडेच होते. मानमोडीनं गाव धुऊन नेलेलं, लोकांनी बाजारातून विकत आणलेले. पण बोरवाडीच्या सगळ्यांना ठाऊक होतं की आज आक्काबाईचा स्वतःचा नवस आहे. त्यासाठीच अर्धं गाव थांबलेलं. भीमाबाई तर पुढं येऊन बसली होती, आणि आज ती सरळ बघत होती.

चांगुणानं कोंबडा सासूच्या मांडीवर दिला.

आक्काबाईनं या वेळी पायापासून सुरू केलं. बोटं, नखं, पाय. छाती, पाठ, पंख. हात मानेवरून वर गेला, तुऱ्याच्या पुढच्या दात्यापासून एकेक दाता अंगठ्याखालून जायला लागला. शेवटच्या जागी अंगठा थांबला.

आक्काबाईनं खाली बघितलं. राख पुसली. ताजं, लाल. हलगी वाजतच होती.

"काय गं आक्का," बन्सी भगत वाकून म्हणाला, "खोड हाय का?"

"हाय."

चांगुणाच्या अंगात जीव आला. भगतानं मान डोलावली. "मग घिऊन जा परत. खोडीचा देवाला चालायचा न्हाई." आणि तो पुढच्या माणसाकडं वळला. संपलं होतं. एवढ्यावर उठून घरी जायचं होतं. कुणी काही विचारलं नव्हतं.

आक्काबाई उठली नाही. "बन्सी, थांब जरा," ती म्हणाली. "खोड हाय, पन जल्माची न्हाई. ही केलेली हाय. आज सकाळची. माज्या घरात झालेली."

हलगीवाला सुद्धा थांबला. भीमाबाईनं पदर तोंडाला लावला. सगळ्यांच्या नजरा चांगुणाकडं वळल्या, कारण आक्काबाईच्या घरात दुसरं कोण होतं? एकटी आक्काबाई तिच्याकडं बघत नव्हती. चांगुणाला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. आणि त्याच क्षणी, लाजेनं मान खाली गेलेली असतानाही, तिला मनातून वाटलं की ही बाई काय धातूची बनवलीय! गप्प राहिली असती तर सगळं मिळत होतं. वाण राहत होता, अब्रू राहत होती, देवही गप्प होता. पण कोंबड्याबद्दल खोटं तर नाहीच, अर्धं खरंसुद्धा हिच्या तोंडातून निघत नाही.

"मग दुसरा दे," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"दुसरे दोन हायेत, जल्माच्या खोडीचे. म्या खोड नसलेला बोलले हुते. तसा माज्याकडं हाच हुता." तिनं तांबड्याच्या पाठीवर हात ठेवला. "आन् हा देवाचाच. देवापासून काढून घ्यायचा हक मला न्हाई. माज्या घरानं त्याला लोखंड लावलं, म्हनून तो माझा हुत न्हाई."

"आगं पर कापता बी येत न्हाई, ठेवता बी येत न्हाई," भगत डोकं खाजवत म्हणाला. "करायचं काय मग?"

आक्काबाई हळूहळू उठली. गुडघे धरून उठली, कोंबडा बगलेत. "आपन देवाच्या नावानं पोळ सोडतो ना रं? ठोसर गोऱ्हा बघून सोडतो. त्याला कुनी औताला जुपत न्हाई, कुनी बांधत न्हाई, कुनाच्या बी शिवारात चरतो, गावच्या गाई त्याच्यावर फळत्यात. सोडताना त्याला डाग देतो, का न्हाई? म्हंजी कळावं, ह्यो देवाचा." तिनं तांबड्याची मान जरा वर केली, तुटका दाता सगळ्यांना दिसेल अशी. "ह्याला डाग देऊन झालाय. म्या सोडते."

कुणी काही बोलायच्या आत तिनं त्याला पारावर ठेवलं आणि हात काढून घेतला.

कोंबडा पोळ म्हणून सोडल्याचं बोरवाडीनं कधी ऐकलं नव्हतं. बन्सी भगतानं म्हसोबाकडं बघितलं, माणसांकडं बघितलं. मग भंडाऱ्याची चिमूट घेऊन तांबड्याच्या पाठीवर टाकली. झालं. तांबडा अंग झाडून उभा राहिला, मान उंच केली, आणि पारावरून खाली उडी मारून गर्दीच्या पायांतून सरळ निघून गेला. लोकांनी वाट दिली.

भीमाबाई उठून आक्काबाईजवळ आली. तिच्या खुराड्यात मानमोडीनंतर एकच गावठी तलंग उरलेली होती. "आक्का," ती खालच्या आवाजात म्हणाली, "माज्या अंगनात आला तर?"

जाळीजवळ आलेल्या भीमाबाईच्या कोंबडीला आक्काबाईनं इतकी वर्षं खडे मारले होते. "आला तर दानं टाक," ती म्हणाली. "माझा न्हाई तो. मला काय इचारतीस?" आणि भीमाबाईनं वाकून तिच्या पायाला हात लावला. दोघींना ते इतकं अवघड वाटलं की दोघी लगेच बाजूला झाल्या.

घरी जाताना चांगुणा दहा पावलं मागं चालत होती. ओढ्यापाशी आक्काबाई थांबली.

"बोट का न्हाई कापलंस?"

चांगुणाला आधी कळलंच नाही.

"नखाचं बोट कापलं असतं तर येवढं रगात न्हाई. सोपं हुतं. तुऱ्याला का हात घातलास?"

"बोट गेलं तर कोंबडीवर जाताना त्याचा तोल जातो," चांगुणा खाली बघत म्हणाली. "अंडी रिकामी निगत्यात. तुऱ्यानं काय बिगडत न्हाई. मागचाच दाता घेतला, थंडीत गारठतो तसाही." आणि मग तिला रडू फुटलं. "आत्याबाई, चुकले म्या. तुमची मान खाली घातली गावात."

आक्काबाई तिच्याकडं बघत राहिली. राग होता त्या बघण्यात, खरा राग, आणि चांगुणानं ओळखला. पण त्या रागाखाली काहीतरी दुसरंही होतं. "चोरी केलीस," म्हातारी म्हणाली. "पन चोरी करताना बी वाणाचा इचार सोडला न्हाईस." एवढं बोलून ती चालू लागली. या वेळी सावकाश चालली, सुनेला गाठता यावं अशी.

दुपारभर तांबड्याचा पत्ता नव्हता. कुणी म्हणालं वेशीजवळ दिसला, कुणी म्हणालं भीमाबाईच्या दारात तिनं मूठ मूठ बाजरी उधळली आणि तो पोट फुटेस्तोवर खाऊन गेला. दिवस कलायला लागला तशी चांगुणा जाळीजवळ येऊन उभी राहिली. आपल्या कोंबड्या एकेक करून आत जाऊन बसल्या. तांबड्याला आज सगळं गाव मोकळं होतं. त्यानं इथंच यावं असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

तो आला. गल्लीच्या तोंडाशी आधी त्याची सावली लांब पडली, मग तो. घाई न करता, मधे एकदा थांबून दाणा टिपून, जाळीच्या दारातून आत गेला आणि आपल्या रोजच्या दांडीवर चढून बसला. चांगुणानं सवयीनं दाराची कडी धरली.

"लावू नको," मागून आक्काबाई म्हणाली. "देवाचा हाय. कोंडायचा न्हाई."

"आन् मुंगूस आलं तर? दार उघडं टाकून कळप निजवायचा व्हय?"

"म्हनून तर हितं निजायचं." आक्काबाईच्या काखेत गोधडी होती. तिनं ती दाराच्या उंबऱ्याशी अंथरली, वर बसली. "कोंबड्या अंड्यावर येईस्तोवर. मग पिल्लं निगंस्तोवर. शिक्षा समज."

"तुमी घरात निजा, आत्याबाई. थंडी लई हाय. चूक माजी हुती, म्या निजते हितं."

"तुरा तू कापलास," आक्काबाई म्हणाली, "पन वाण शुद्ध हवा म्हनून अडवून धरनारी म्या. देवाच्या तोंडाफुडं खोड नसलेला देते म्हनून फुशारकी मारली ती बी म्याच." ती गोधडीवर एका बाजूला सरकली. चांगुणा घरात गेली, आपली गोधडी घेऊन आली आणि सासूच्या पाठीला पाठ लावून तिच्या शेजारी, उघड्या दारात आडवी झाली.